बोट ठीक, बटणही ठीक. मग अक्षर गेलं कुठं?

गेल्या वर्षी माझ्या मावशीला पक्षाघाताचा झटका आला. वाचा आठवड्याभरात परत आली, पण उजवा हात परत आला नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिने लॅपटॉप मागितला. ती मराठीची निवृत्त शिक्षिका. शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना लांबलचक पत्रं लिहायची तिला सवय. पूर्वी इनस्क्रिप्टवर दोन्ही हातांनी टाइप करायची, तेही बटणांकडे न बघता. आता डाव्या हाताच्या एका बोटाने, टचस्क्रीनवर उमटणाऱ्या कीबोर्डवर. फिजिओथेरपिस्टबाईंनीही सांगितलं होतं की लिहा, बोटांना काम आणि मनाला विरंगुळा दोन्ही मिळेल.

दोनेक महिने ठीक चाललं. मग तिच्या लॅपटॉपवर लिनक्सचं मोठं अपडेट झालं (ते मीच केलं होतं, हे कबूल करून टाकतो) आणि पत्र लिहिणं एकदम थांबलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. चार दिवसांनी मी सहज विचारलं, तेव्हा म्हणाली, "अरे, बटण दाबते तर अक्षर उमटतच नाही. एका ठिकाणी उमटतं, दुसऱ्या ठिकाणी नाही. मला वाटलं, आता डावाही गेला."

हे तिने ज्या शांतपणे सांगितलं, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पक्षाघातानंतर हालचालीबरोबर स्पर्शाची जाणीवही अनेकदा कमी होते. त्यामुळे "आपण नीट दाबलं की नाही" अशी शंका रुग्णाला सतत येत असते. यंत्राने दगा दिला, तर त्याचा दोष तो आधी स्वतःच्या शरीराकडे घेतो. तिच्या बाबतीत बोट ठणठणीत होतं. स्क्रीनवरचं बटणही दाबलं जात होतं, दाबल्यावर रंग बदलत होता. अक्षर मात्र बटणापासून कागदापर्यंत जाताना वाटेतच नाहीसं होत होतं. ही वाट कुठून कुठे जाते आणि ती का बदलली, हे समजून घेताना मला जे सापडलं, ते आज सांगतो. स्क्रीनवर बोटाने, डोळ्यांनी, आवाजाने किंवा काठीच्या टोकाने लिहिणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे. मराठी लिहिणाऱ्यांचा तर थोडा जास्तच.

स्क्रीनवर आपल्याला पाच-सहा विंडो उघडलेल्या दिसतात. त्यातली कुठली वर, कुठली खाली, आणि दाबलेलं बटण कुणाला पोचवायचं, हे ठरवणारा एक कारभारी संगणकाच्या आत बसलेला असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. लिनक्स आणि त्याच्या भावंडांमध्ये हे काम अनेक दशकं 'एक्स' नावाच्या व्यवस्थेने केलं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तिची सुरुवात झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. हीच अकरावी आवृत्ती डागडुजी करत करत आजपर्यंत वापरात आहे.

एक्स तयार झाली तो काळ विद्यापीठातल्या प्रयोगशाळांचा होता. एका यंत्रावर चालणारे सगळे प्रोग्राम एकमेकांच्या विश्वासातले, हे तेव्हा गृहीतच होतं. जुन्या वाड्यात दाराला कडी नसायची, तसंच. त्यामुळे एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम कारभाऱ्याला सांगू शकतो, "या यंत्रावर जे जे बटण दाबलं जाईल ते मलाही कळव." किंवा, "मी म्हणतो म्हणून असं समज की आत्ता 'क'चं बटण दाबलं गेलं." दुसऱ्या प्रकारची विनंती ही स्क्रीनवरच्या कीबोर्डची भाकरी. मावशी 'क'वर बोट ठेवायची, कीबोर्डचा प्रोग्राम कारभाऱ्याला खोटं सांगायचा की खरं बटण दाबलं गेलंय, आणि पत्राच्या विंडोत 'क' उमटायचा. पहिल्या प्रकारची विनंती ही चोरांची भाकरी. तुम्ही एका विंडोत बँकेचा पासवर्ड टाइप करताय आणि शेजारच्या विंडोतला एखादा फुकटचा खेळ तो अक्षर अक्षर टिपून घेतोय, हे एक्समध्ये सहज शक्य आहे. त्यासाठी काही फोडावं लागत नाही, दार उघडंच असतं.

२००८ मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्ग या अभियंत्याने एक्सला पर्याय म्हणून नवा प्रोटोकॉल लिहायला घेतला. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या गावातून जाताना त्याला ती कल्पना स्पष्ट झाली, त्या गावाचं नाव त्याने तिला दिलं. ते म्हणजे वेलँड. प्रोटोकॉल म्हणजे कारभारी आणि प्रोग्राम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. वेलँडचा मूळ नियम कडक आहे: प्रत्येकाने आपल्या खोलीपुरतं बघावं. एखादी विंडो समोर असेल तर दाबलेलं बटण फक्त तिलाच कळतं. शेजारच्या खोलीत काय टाइप होतंय ते ऐकता येत नाही, आणि शेजारच्या खोलीत काही ढकलताही येत नाही.

मावशीचं अक्षर अडलं ते इथे. अपडेटनंतर तिचा लॅपटॉप एक्सवरून वेलँडवर गेला होता. जुना कीबोर्ड खोटी बटणं पाठवत राहिला आणि नव्या कारभाऱ्याने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "एका ठिकाणी उमटतं, दुसऱ्या ठिकाणी नाही" हे तिचं म्हणणंही खरं होतं. वेलँडवर नेलेल्या यंत्रात जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी एक छोटी एक्स व्यवस्था आतल्या आत चालू ठेवलेली असते. त्या कोंडाळ्यातल्या प्रोग्रामांपुरते जुने नियम चालतात. तिचं टिपणवहीचं ॲप त्यात होतं आणि पत्रं लिहायचा प्रोग्राम बाहेर. बोट तेच, बटण तेच. जागा बदलली की अक्षर गायब. मग कुणालाही स्वतःच्या बोटावरच संशय येणार.

दार बंद करण्याचा निर्णय योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. फेडोरा या लिनक्सने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या मुख्य आवृत्तीत वेलँड आपोआप सुरू होईल अशी सोय केली. डेबियनने २०१९ मध्ये तेच केलं. उबंटूच्या ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत तर मुख्य डेस्कटॉपसाठी जुन्या एक्सचा पर्यायच उरला नाही. एवढ्या काळात स्क्रीनवरच्या कीबोर्डसाठी नवं, पहारा असलेलं दार मात्र तुकड्यातुकड्याने बांधलं जात होतं. धडधाकट हाताने इंग्रजी टाइप करणाऱ्याला यातलं काहीच जाणवलं नाही. ज्यांना त्या दाराशिवाय येण्याजाण्याची सोयच नव्हती, ते बाहेर ताटकळले.

आता तुम्ही म्हणाल, मग परवानगी असलेल्या कीबोर्डला खोटं बटण दाबू द्यावं, झालं. तेवढ्यावर इंग्रजीचं भागतं. आपलं का भागत नाही, ते कळायला 'बटण' आणि 'अक्षर' यांच्यातला फरक बघावा लागतो.

तुम्ही कीबोर्डवर इंग्रजी 'के' लिहिलेलं बटण दाबलं की ते बटण 'के' असं सांगत नाही. लिनक्सला मिळतो एक आकडा, ३७. त्याचा अर्थ एवढाच की मधल्या ओळीतलं अमुक जागेवरचं बटण दाबलं गेलं. कारभारी प्रोग्रामला एक तक्ताही देतो: ३७ म्हणजे इंग्रजीत 'के', इनस्क्रिप्टमध्ये 'क'. शिफ्ट असेल तर 'ख'. इनस्क्रिप्ट हा आपल्याकडचा सरकारमान्य आराखडा, १९९१ च्या भारतीय मानकातही तो आहे. स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची सुबक रचना. त्यात 'ज्ञ', 'त्र', 'क्ष', 'श्र' यांना आकड्यांच्या ओळीत स्वतंत्र जागा दिली आहे.

अडचण अशी की या तक्त्यात एका बटणाला साधारणपणे एकच संकेत देता येतो, आणि युनिकोडच्या हिशेबात 'ज्ञ' हा एक संकेत नाही. तो 'ज', हलन्त आणि 'ञ' असा तिघांचा मिळून होतो. 'क्षि' लिहायला 'क', हलन्त, 'ष' आणि वेलांटी असे चार लागतात. मग एका बटणातून तीन-चार संकेत काढायचे कुणी? रोमन लिपीत 'dnyan' लिहून 'ज्ञान' उमटवणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. तिथे पाच बटणं दाबली जातात, मधेच विचार बदलतो आणि शेवटी एक शब्द निघतो. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांना हजारो चिन्हांतून निवड करायची असते, त्यामुळे 'बटण म्हणजे अक्षर' ही समजूत त्यांच्याकडे पहिल्यापासूनच टिकली नाही. या सगळ्यांच्या मदतीला बटण आणि अक्षर यांच्यामध्ये एक लेखनिक बसवावा लागतो. तांत्रिक भाषेत त्याला इनपुट मेथड म्हणतात. लिनक्सवर आयबस, फसिटिक्स ही त्यातली ठळक नावं.

स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि हा लेखनिक ही दोन वेगळी कामं वाटतात, पण मुळात काम एकच: दुसऱ्याच्या खोलीतल्या कागदावर, त्याच्या परवानगीने, अक्षर लिहिणं. वेलँडमध्ये त्यासाठी जो प्रोटोकॉल बांधला गेला, त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. 'टेक्स्ट इनपुट' हे त्याचं नाव. त्यात 'बटण दाबलं' ही भाषाच नाही. 'मजकूर घे' अशी भाषा आहे.

मावशीच्या पत्रावरच बघू. ती पत्राच्या जागेवर बोट टेकवते. पत्राचा प्रोग्राम कारभाऱ्याला सांगतो: इथे लिहिण्याची जागा उघडली आहे, साधा मजकूर आहे, एकाहून जास्त ओळी आहेत, कर्सर स्क्रीनवर अमुक ठिकाणी आहे, आणि कर्सरच्या मागेपुढे सध्या हा मजकूर आहे. हे सगळं कारभारी लेखनिकाच्या, म्हणजे कीबोर्डच्या कानावर घालतो. मग कीबोर्ड स्क्रीनवर वर येतो. याच जागी फोन नंबरचा रकाना असता तर प्रोग्रामने तसं सांगितलं असतं आणि आकड्यांचा कीबोर्ड आला असता. पासवर्डचा रकाना असेल तर 'हे गुप्त आहे, लक्षात ठेवू नकोस' अशी सूचनाही देता येते. ती पाळणं अर्थात कीबोर्डच्या प्रामाणिकपणावर.

अक्षर दोन टप्प्यांत येतं. रोमनमधून मराठी लिहिताना कच्चा शब्द खाली रेघ मारून तरंगताना तुम्ही पाहिला असेल. तो अजून कागदावर उतरलेला नसतो, प्रोग्रामने फक्त दाखवायला घेतलेला असतो. शब्द ठरला की लेखनिक म्हणतो, "आता हा पक्का." कर्सर कुठे आहे हे आधी सांगितलेलं असल्यामुळे पर्यायी शब्दांची यादी बरोबर त्याच्या बाजूला उघडता येते. नाहीतर ती स्क्रीनच्या भलत्याच कोपऱ्यात उगवते आणि मान इकडून तिकडे फिरवत बसावं लागतं. ज्यांची मान किंवा दृष्टी आधीच त्रास देते, त्यांनाच याची किंमत कळेल.

खोडण्याची गोष्ट जास्त नाजूक आहे. लेखनिकाला चूक सुधारायची तर "कर्सरच्या मागचं एवढं खोड" असं सांगावं लागतं. 'एवढं' म्हणजे किती, ते बाइटमध्ये मोजतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक संकेताला तीन. म्हणजे 'क्षि' खोडायला बारा बाइट. मोजणीत चूक झाली आणि दहाच खोडले, तर उरतं ते अक्षरही नसतं आणि मात्राही नसते. नियम सांगतो की संकेत मधोमध तोडायचा नाही. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त इंग्रजीतच चाचणी घेतली असेल, तर ही चूक त्याच्या कधी डोळ्यांसमोरच येत नाही. त्याच्याकडे अक्षर आणि बाइट यांची संख्या सारखीच भरते!

आजूबाजूचा मजकूर लेखनिकाला सांगतानाही हाच हिशेब आडवा येतो. एका खेपेला जास्तीत जास्त चार हजार बाइट पाठवायचे असा संकेत आहे, कारण वेलँडचा एकेक निरोपच ४०९६ बाइटच्या मापाचा धरलेला आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यात चार हजार अक्षरं बसतात. आपल्याला जेमतेम तेराशे संकेत, त्यातही मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. रोजच्या वापरात ते पुरतात, तक्रार करण्यासारखं नाही. कुणाचं माप धरून पिशवी शिवली गेली, एवढं मात्र दिसतं.

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोग्राम, कारभारी आणि लेखनिक हे तिघं एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. चिठ्ठी वाटेत असताना कागदावरची परिस्थिती बदलू शकते. समजा लेखनिकाने "मागचे सहा बाइट खोड" अशी चिठ्ठी पाठवली आणि ती पोचायच्या आत मावशीने दुसऱ्याच ओळीवर बोट टेकवलं. मग खोडलं जाणार ते दुसऱ्याच ओळीतलं. यावर उपाय पोस्टमास्तरी थाटाचा आहे. प्रोग्राम आपल्या प्रत्येक निरोपाची संख्या मोजत जातो आणि कारभारी उत्तर देताना लिहितो, "तुझे सात निरोप पोचले, त्यानंतरची ही सूचना." प्रोग्रामचे आठ निरोप गेलेले असतील तर त्याला कळतं की ही सूचना जुन्या परिस्थितीवर आधारलेली आहे. जे एका दमात व्हायला हवं, म्हणजे कच्चा शब्द काढणं, मागचं खोडणं, पक्का शब्द बसवणं, ते 'झालं' अशी खूण येईपर्यंत साठवून मग एकदमच लागू करायचं, असाही नियम आहे. हळू, थांबत थांबत टाइप करणाऱ्याला या चकमकी फारशा जाणवत नाहीत. आवाजाने लिहिणाऱ्याला जाणवतात, कारण तिथे वाक्यच्या वाक्य मागून दुरुस्त होत येतं.

कागदावर हे सगळं छान आहे. व्यवहारात मात्र या प्रोटोकॉलच्या तीन आवृत्त्या एकाच वेळी नांदल्या. कुठली प्रोग्रामं बांधण्याची सामग्री तिसरी आवृत्ती बोलते, कुठली बरीच वर्षं दुसरीच बोलत होती, आणि क्रोमियम जातीचे ब्राउझर दीर्घकाळ पहिलीवर अडून होते. कारभाऱ्यांचंही तसंच. केडीई तिन्ही आवृत्त्या समजून घेतं. ग्नोम तिसरी मानतं, आणि लेखनिकाशी बोलायला आयबसची स्वतःची वाट धरतं. हलक्याफुलक्या कारभाऱ्यांचा एक तिसरा गट आहे, त्यांनी लेखनिकासाठी आणि स्क्रीनवरच्या बटणांसाठी वेगळाच प्रोटोकॉल उचलला. एकाकडे चालणारा कीबोर्ड दुसऱ्याकडे चालेल याची खात्री नाही. हे सगळं करणारी माणसं हुशार आणि कष्टाळू आहेत, त्यातली कित्येक फुकट राबतात. पण वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर एकाच घरात तीन प्रकारच्या पिनांचे प्लग आणि भिंतीत वेगवेगळे सॉकेट असा प्रकार आहे.

मोबाइलवर हा गोंधळ का नाही? कारण भौतिक कीबोर्ड नसलेल्या फोनांसाठी दार आधी आखावं लागलं. अँड्रॉइडने २००९ मध्ये, आवृत्ती १.५ मध्येच, कुणीही कीबोर्ड बनवावा आणि प्रत्येक ॲपने त्याच्याशी एकाच पद्धतीने बोलावं अशी सोय केली. आज आपण मराठी कीबोर्ड सहज बसवतो ते त्यामुळे. तो बसवताना "हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकतो" असा इशारा येतो. बहुतेक जण न वाचता 'ओके' म्हणतात. लेखनिकाला कागद दाखवल्याशिवाय तो लिहिणार कसा, आणि दाखवला तर तो वाचणारच. हा पेच कुठल्याही प्रोटोकॉलने सुटलेला नाही, फक्त निवड माणसाच्या हातात दिली आहे. म्हणून कीबोर्ड कुणाचा घेताय ते बघून घ्या, एवढं मी जाता जाता सांगेन.

वेलँड ही फक्त लिनक्सवेड्यांची चीज आहे असंही समजू नका. टायझन आणि वेबओएस या दोन्ही स्मार्ट टीव्हींच्या व्यवस्था वेलँडवर उभ्या आहेत. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत तुम्ही टीव्हीवर सिनेमाचं नाव शोधता, तेव्हा तिथेही स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि कारभारी यांची अशीच देवाणघेवाण चालू असते.

आता बोटाकडे परत येऊ. अक्षर पोचण्याची वाट दुरुस्त झाली, तरी बटणावर बोट नेमकं पडलं पाहिजे. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम इथे अजून लागू पडतो: लक्ष्य जेवढं लहान आणि जेवढं लांब, तेवढा ते गाठायला वेळ जास्त. इंग्रजीला सव्वीस बटणांत भागवता येतं. आपली व्यंजनंच चौतीसच्या पुढे, वर स्वर, मात्रा, अनुस्वार, हलन्त. सगळी एकदम दाखवायची तर बटणं बारीक होतात. मोठी ठेवायची तर थर करावे लागतात आणि प्रत्येक थराला एक बोट जास्त. कंप असलेल्या हाताला बारीक बटण नको, आणि पटकन थकणाऱ्या हाताला जास्तीचा ठोका नको. वेबसाइटच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष बटणासाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल आणि शक्य तर ४४ बाय ४४ सांगतात. चौतीस व्यंजनांना हा हिशेब लावला की अर्धी स्क्रीन कीबोर्डच खातो. म्हणून प्रोग्रामने कर्सरची जागा सांगणं आणि लिहिण्याची ओळ कीबोर्डच्या वर सरकवणं महत्त्वाचं. आपण काय लिहितोय तेच झाकलं गेलं, तर एका बोटाने लिहिणारं माणूस दहा मिनिटांत कंटाळतं.

मराठीचे काही हट्ट तर फक्त आपलेच. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्र यांच्याएवढं अंतर आहे. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' यांत तर जेवणावळीचं भवितव्यच ठरतं! हा फरक दाखवणाऱ्या 'ऱ'ला युनिकोडमध्ये वेगळा संकेत आहे, इनस्क्रिप्टमध्ये 'र'च्याच बटणावर शिफ्टसह त्याची जागा आहे. पण हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या स्क्रीनवरच्या कीबोर्डात तो कित्येकदा सापडतच नाही. 'ॲप'मधला 'ॲ' तर युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणजे नेमका वेलँडचा जन्म झाला त्याच वर्षी.

मावशीचं पुढे काय झालं? मी आधी सोपा मार्ग धरला होता. लिनक्सच्या गाभ्यालाच फसवून, यंत्राला खराखुरा दुसरा कीबोर्ड जोडलाय असं भासवता येतं. त्याला वेलँडची परवानगी लागत नाही. पण त्यासाठी प्रशासकाचे अधिकार मोकळे सोडावे लागतात, आणि तिथे पुन्हा भाषा बटणांच्या आकड्यांची, म्हणजे 'ज्ञ'चं रडगाणं परत. दोन दिवसांत ते काढून टाकलं. मग डेस्कटॉपसोबत येणारा, नव्या प्रोटोकॉलने बोलणारा कीबोर्ड सुरू केला. मराठीचा आराखडा त्यात निवडला, बटणं मोठी केली, आणि पत्रं लिहायचा प्रोग्राम नव्या आवृत्तीचा घेतला.

तुमच्या घरी कुणी असं स्क्रीनवर लिहिणारं असेल, तर मोठ्या अपडेटआधी दहा मिनिटं काढा. लॉगिनच्या स्क्रीनवर एक्सचा पर्याय अजून मिळतोय का ते बघून ठेवा. अपडेटनंतर त्यांच्या रोजच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये तुम्ही स्वतः 'क्षितिज', 'ज्ञानेश्वर', 'दऱ्या' आणि 'ॲप' हे चार शब्द लिहून, खोडून पाहा. इंग्रजी 'हॅलो' लिहून बघण्यात अर्थ नाही, ते उमटतंच. अक्षर उमटत नसेल तर ते त्यांना त्याच दिवशी सांगा, की बिघाड यंत्रात आहे. आणि यंत्र नीट असूनही बोट लागत नसेल, हातातली शक्ती किंवा जाणीव अचानक कमी झाली असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर कीबोर्ड तपासत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

पहिलं पत्र तिने मलाच लिहिलं. मधे 'आचाऱ्यांना' हा शब्द मुद्दाम घातला होता, मी ओळखलं. विद्यार्थ्यांशी गप्पा मारायच्या ॲपमध्ये मात्र 'ऱ' खोडला की अजूनही शेजारची मात्रा सोबत जाते. तिथे ती मजकूर दुसरीकडे लिहिते आणि कॉपी करून आणून चिकटवते.